घोंगडीखाली

संडास धुवायचं ॲसिड उघडलं की अजूनही मी आधी खिडकी उघडते. त्या वासानं मी लोणीजवळच्या ओढ्यावर पोचते. तिथं कारखान्याचा टँकर रसायन ओतून जायचा, आणि मी त्याची बातमी करत होते. ते पाणी पिऊन ज्यांची काही मेंढरं मेली, त्या सखूबाईंनी मला जागा दाखवली. मी बाटलीत पाणी भरत असतानाच टँकर आला. सखूबाईंनी मला मेंढरांत बसवलं आणि वर घोंगडी टाकली.

"कोण आलं व्हतं इथं?" ड्रायव्हरनं दरडावलं.

"कुनी न्हाई, भाऊ. मी अन् माजी मेंढरं."

टँकर निघून गेल्यावरच मी घोंगडीखालून बाहेर आले. पुढं बातमी छापून आली, टँकर बंद झाले. तेव्हा वाटायचं, जीव माझा धोक्यात होता. पण त्या दिवशी मी संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला निघून आले. सखूबाई दुसऱ्या दिवशी एकट्याच, टँकर यायचा त्याच रस्त्यानं मेंढरं घेऊन गेल्या.