पाच डिस्कचा क्रम

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ज्यांच्यासाठी पत्रकं लिहिली, त्यांना तर नाहीच.

तेव्हा मी श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. हंगामी कामगारांची सात वर्षांची हजेरी तिथल्या मोठ्या सर्व्हरवर होती. कायम होण्यासाठी त्यांनी केस लावली होती, आणि कागदी हजेरीपट वाळवीने खाल्लेले — म्हणजे पुरावा उरला तो एवढाच. अर्जावर पहिली सही आमच्या वस्तीतल्या दगडूमामाची. मसुदा माझा.

खंडेनवमीला आमच्या विभागप्रमुख सुमनताईंनी सुट्टीसाठी बंद केलेल्या सर्व्हरची पूजा केली. आत ओळीने पाच डिस्क. प्रत्येकीच्या मुठीवर हळदकुंकवाची बोटं. आमच्या घरात छप्पन्नच्या धम्मदीक्षेपासून असलं काही शिरलेलं नाही. मी म्हणालो, "ताई, हे ऑफिस आहे की देऊळ?"

त्या हसल्या. "असू दे रे, क्रांतिकारका. मशीन काय तुझ्यासारखं भांडत न्हाई!"

त्या गेल्यावर मी — रागाने म्हणू? की तत्त्वाने? — पाचही डिस्क उपसून काढल्या आणि ओल्या फडक्याने लख्ख पुसल्या. त्यांच्यावरच्या आकड्यांच्या चिठ्ठ्याही निघून आल्या. परत बसवल्या त्या अंदाजाने.

दसऱ्यानंतर सर्व्हर सुरू झालाच नाही.

पुण्याहून इंजिनियर आला. दोन दिवस खपला, मग त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "डिस्क कुणी बाहेर काढल्या होत्या का? क्रम बदलला असेल तर सांगा, सगळं परत मिळेल. नाहीतर पुसून नव्याने सुरू करावं लागेल."

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. मी म्हणालो — "कुणी हात लावला नाही. कुंकू आत गेलं असेल."

त्याने सगळं पुसलं. आणि मी पत्रक काढलं — अंधश्रद्धेने कामगारांचा पुरावा गिळला म्हणून! सुमनताईंची बदली उसाच्या वजनकाट्यावर झाली. केस पडली. दगडूमामा म्हणाला, "हजेरी गेली ती गेली, पर तू लई रोखठोक लिवलंस, भाच्या." ती शाबासकी मी घेतली. मान खाली न घालता घेतली.

भीती कसली होती मला? नोकरीची? छे. पूजा करणारी बाई निर्दोष ठरेल आणि मी चुकीचा — याची. यंत्राला कुंकू मी आजही लावणार नाही, लावू नका असंच सांगेन. पण त्या कुंकवाने एक अक्षर पुसलं नव्हतं. सुमनताईंनी काही बिघडवलं नव्हतं.

मामा, हंगाम लागला की तू अजून गेटवर उभा राहतोस, नाव पुकारतात का ते ऐकत. तुझी सात वर्षं माझ्या हाताने गेली. हे मी पत्रकासारखंच छापतो आहे, खाली माझं पूर्ण नाव घालून. पहिली प्रत तुझ्या हातात देईन आणि समोर उभा राहीन.