रविवारची सिरिंज

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, पाळकसाहेबांना नाही, आणि प्रार्थनेत देवालाही सरळ शब्दांत नाही. त्याला माहीतच आहे, मग सांगायचं कशाला — अशी माझी सोय. तुम्हाला सांगते, कारण गेल्या रविवारी पाळकसाहेब सगळ्या मंडळीसमोर म्हणाले, "कामात चोख कसं राहावं, ते आमच्या सिस्टरकडून शिका." मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

अंधेरीच्या आमच्या मिशनच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं नर्स आहे. वेळेवर येते. चादरीला सुरकुती चालत नाही मला. हे सगळं खरं आहे — म्हणूनच तर ते दुसरं इतकी वर्षं झाकून राहिलं.

डॉक्टरबाईंचा नियम असा: पाण्याला उकळी फुटली की घड्याळ लावून वीस मिनिटं सुया आणि सिरिंज उकळायच्या. आया स्टोव्ह पेटवील, भांडं ठेवील. पण त्या वीस मिनिटांची जबाबदारी नर्सची. आमची आया राहेल, विधवा बाई, दवाखान्यामागच्याच खोलीत राहायची.

चार वर्षांपूर्वी वेसाव्याची हिराबाय आमच्याकडे यायची. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासे विकायची. माशाचा काटा आत मोडून तिचा पाय चिघळला होता. रोज दंडात पेनिसिलिन, रविवारीसुद्धा. रविवारी दवाखाना बंद, म्हणून उपासनेआधी मी येऊन इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं.

त्या रविवारी उपासनेत मीच बोलणार होते. विषय माहीत आहे काय होता? विश्वासू सेवक. चार पानं लिहून काढली होती, आरशासमोर दोनदा म्हणून पाहिली होती.

स्टोव्ह नीट पेटेना. राहेल पिन मारत बसली होती, ज्योत पिवळीच येत होती.

"आण ते भांडं इकडे," मी म्हटलं.

"सिस्टर, अजून उकळी नाही फुटली. कालच्या वापरलेल्या सुया आहेत त्या."

"तू मला शिकवणार आता?"

पाणी गरम होतं. नुसतं गरम. मी सिरिंज उचलली, हिराबायला टोचली आणि मग तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. वीस मिनिटं नव्हती माझ्याकडे — प्रार्थनेला मात्र वेळ निघाला. देवाने काय करायचं होतं? माझं काम?

उपासनेतलं बोलणं फार छान झालं. बायकांनी डोळे पुसले.

आठवडाभरात हिराबायचा रविवारी टोचलेला उजवा दंड सुजला, पू झाला. डॉक्टरबाईंनी दोनदा चिरा दिला. ती जगली, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना.

डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. "रविवारी सिरिंज उकळली होती का?"

मी म्हटलं, "स्टोव्ह राहेलने लावला होता."

यात एक शब्द तरी खोटा आहे? नाही. त्याचीच मला आज सर्वांत जास्त चीड येते. खोटं बोलायचीसुद्धा हिंमत नव्हती माझ्यात.

राहेल म्हणाली, "पाणी उकळलं नव्हतं. मी सिस्टरना तसं सांगितलं होतं."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा कापूस नीट करत राहिले.

माझ्या चोखपणावर डॉक्टरबाईंचा विश्वास होता; राहेलचं काम गेलं, कामाबरोबर खोली गेली. बायकांच्या सभेत तिच्या पश्चात्तापासाठी प्रार्थना झाली. पुढे होऊन ती प्रार्थना कोणी म्हटली? मी. तिच्या कानावर गेलंच. नगरला भावाकडे निघाली त्या सकाळी ट्रंक घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "प्रार्थना तुमची तुम्ही करा, सिस्टर. त्यात माझं नाव घेऊ नका." मी आत जाऊन बँडेजच्या घड्या घालत बसले.

हिराबायच्या हाताला मंडळीतले लोक देवाची इच्छा म्हणाले. मी आमेन म्हटलं. सैतानाने मोह घातला म्हणावं, तर त्याला त्या सकाळी काही कामच नव्हतं. जे केलं ते मीच केलं, घड्याळाकडे बघत, पूर्ण शुद्धीवर. मला नियम ठाऊक होता. डॉक्टरबाईंची भीती वाटली म्हणू? त्या चार शब्द बोलल्या असत्या, बस. राहेलला मात्र घर सोडावं लागलं.

हिराबाय आता फिरत नाही. पाटी डोक्यावर चढवता येत नाही, म्हणून सून पाटी आणून देते आणि ही बाजारात एका जागी बसून विकते. मी दिसले की आजूबाजूच्या कोळणींना सांगते, "हीच ती बाय. हिनं देवाचं नाव घेतलं म्हणून वाचले मी."

परवाही तिने डाव्या हाताने चाचपून त्यातल्या त्यात ताजी दोन पापलेटं माझ्या पिशवीत घातली. मी ती घेतली. घरी आणली, तळली आणि जेवले.