काकूंच्या नावाची पाटी

टोरांटोच्या परिसरात राहून ज्याने एकदाही काकूंनी दिलेला कोट अंगावर चढवला नाही, तो मराठी माणूस या देशात अजून पुरता पोहोचलेलाच नाही, असे माझे नम्र पण ठाम मत आहे. मार्कहॅममधल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये सर्व मापांचे कोट टांगलेले असतात. नागपूरहून आलेला एखादा विद्यार्थी दारात उभा राहिला, की काकू आधी त्याच्या बुटांकडे पाहतात. "हे बूट बघून फेब्रुवारी हसेल तुला," एवढेच म्हणतात आणि त्याला खाली घेऊन जातात. कोट परत आणलेला त्यांना चालत नाही. तो पुढच्या येणाऱ्याला द्यायचा.

त्या इथे आल्या तेव्हा इथले सगळे मराठी लोक एका मोटारीत मावत, आणि ती मोटार काकूच चालवत. काका होते तेव्हा हीटरजवळची सर्वांत ऊबदार जागा कढीपत्त्याच्या कुंडीला होती. काका दाराशी, वाऱ्यात. मी एकदा भीत भीत काकांची बाजू घेतली, तर म्हणाल्या, "त्यांना स्वेटर घालता येतो." बर्फ पडला की सकाळी मिल्टनमधल्या माझ्या घरी फोन वाजणार हे ठरलेलेच. "दारातला बर्फ शोव्हलनं उपसलास? निसरड्यावर मीठ टाकलंस? मग बोलतोयस काय, जा."

सत्काराचे मात्र त्यांना वावडे. इथल्या मराठी मंडळाने एकदा शाल आणि श्रीफळ दिले, तर त्यांनी शालीने शेगडीवरचे पातेले उतरवले आणि नारळ फोडून चटणीला घेतला. त्यामुळे कम्युनिटी सेंटरच्या ज्या स्वयंपाकघरात त्यांनी आम्हा साऱ्यांना वाढवले, त्याच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी लावायचे ठरले, तेव्हा आम्ही सगळेच धास्तावलो होतो. शिवाय एक अडचण निघाली. पाटीवाल्याने पूर्ण नाव मागितले आणि बैठकीत प्रत्येकाने आपापला फोन उघडला. "माझ्या फोनमध्ये 'काकू मार्कहॅम' असं सेव्ह आहे," एक जण म्हणाला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्यांत माझीही होती. ज्यांच्या घरी इतकी वर्षे जेवलो, त्यांचे नाव विचारायचे मला कधी सुचले नव्हते.

विचारायला मलाच पाठवले. काकू एका कोटाला बटण लावत होत्या. नकाराची तयारी ठेवूनच मी प्रश्न केला.

"कुठलं नाव?" त्या म्हणाल्या. "लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलं ते, की आईनं ठेवलेलं?"

"तुम्ही सांगाल ते."

त्यांनी दोरा दाताने तोडला. "सुलोचना. पासपोर्टवर तेच आहे. वाईट नाही. पण तांदळात लिहिताना मला कोणी विचारलं नव्हतं." बटण ओढून बघत म्हणाल्या, "वेणू घाल. बघ, जमत असेल तर."

मंडळात कुरबुर झाली. "वेणू कोण, असं लोक विचारतील," अध्यक्ष म्हणाले. आयुष्यात सहसा आवाज न चढवणारा मी त्या दिवशीही चढवला नाही. पण नाव मान्य होईपर्यंत उठून गेलोही नाही. पाटीवर शेवटी वेणू हेच नाव गेले.

समारंभाच्या दिवशी पडदा सरला. लोक एकमेकांकडे पाहू लागले, आणि काकू आता पदर खोचून थेट आत कामाला जातील, अशी मला भीती वाटली. त्या गेल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी पाटी वाचली, अक्षरांवरून एकदा बोट फिरवले. मला केवढे हायसे वाटले, ते सांगता येणार नाही.

"त्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तू मार बघू."

"वेणूकाकू," मी म्हणालो.

"ओ," त्या म्हणाल्या. कुठल्याशा अंगणातून खेळ टाकून धावत आलेल्या मुलीचा तो आवाज होता, आणि तो ऐकायला तिच्या घरचे कोणीच तिथे नव्हते, आम्हीच होतो.