सरांचे ठरलेले प्रश्न

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या वसईतल्या मुलींच्या कबड्डी संघाबरोबर स्पर्धेला एक तरी बाई जायची पद्धत होती. ती बाई बहुतेक वेळा मीच. माझी मुलगी संघात होती आणि रविवारी मला सुट्टी असे. पाणी, मलम, सेफ्टी पिना सांभाळायच्या आणि मुलींना वेळेत घरी पोहोचवायचं. खेळातलं मला फारसं कळत नव्हतं. पण पकड कशी करायची हे मुलींना रोज शिकवलं जाई. पडताना हनुवटी छातीला लावायची, हे शिकवताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

त्या सकाळी पापडीच्या मैदानात सेमीफायनल होती. माझी मुलगी चढाईला गेली. तिघींनी तिला मांड्यांना धरून उचललं आणि ती मागच्या मागे पडली. डोकं आधी आपटलं. आवाज माझ्यापर्यंत आला. ती आपली आपण उठली. संघाच्या सरांनी तिला बाहेर बोलावून तोंडावर पाणी मारलं.

"आज वार?"

"रविवार."

"समोर कोण?"

"भुईगाव."

"स्कोअर?"

"अठरा-पंधरा."

"एकदम फिट!"

मला काही ते पटेना. स्कोअर तिला कधीच माहीत नसे. सामना संपला की "आई, कितीने जिंकलो?" असं मलाच विचारायची. शिवाय उत्तरं देताना ती सरांकडे नाही, माझ्या खांद्यामागे बघत होती. मी वळले. तिच्या मैत्रिणीचे ओठ हलायचे थांबले आणि ती घाईघाईने केस बांधायला लागली.

मी मुलीला बाकावर बसवलं. "सकाळी इथे कसे आलो आपण?"

"रिक्षाने."

आलो होतो टेम्पोतून, उभ्याने, आणि ती वाटभर कुरकुरत होती.

"काकू, हे सिलॅबसच्या बाहेरचं झालं," मैत्रीण म्हणाली.

दरडावल्यावर तिने कबूल केलं. सरांचे प्रश्न ठरलेले, त्यामुळे कुणी पडलं की बाकीच्यांनी उत्तरं पुरवायची. गेल्या वर्षापासून हेच चाललं होतं.

सर धावत आले. "ताई, चारला फायनल आहे. जिल्ह्याच्या निवडीला माणसं आलीत. पोरीचं वर्ष घालवू नका."

"आई, काही झालेलं नाही मला."

"मग टेम्पो कुठे गेला?"

तिने मैत्रिणीकडे पाहिलं. मी तिची बॅग उचलली.

डॉक्टरांनी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं आणि महिनाभर मैदान बंद केलं. दुपारी तिने विचारलं, "फायनल किती वाजता?" मी म्हटलं, तू खेळणार नाहीस. ती खूप रडली. अर्ध्या तासाने पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं, आणि ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी तितकीच रडली.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सहा वाजून गेले होते.

"वेळ आहे अजून," मी म्हटलं. "पड तू."