बसत्या मापाची खुर्ची

बाजारकुणंग गावचा सुतार पुंडलिक मेस्त्री माणसाचं माप त्याला न सांगता घ्यायचा. सांगितलं की माणूस पोट आत घेतो, मान ताठ करतो, आणि मग त्या मापानं केलेला पाट त्याला जन्मभर अपुरा पडतो, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणून तो गिऱ्हाइकाच्या घरी गेला, की आधी पान खायचा, भाताच्या पिकाची चौकशी करायचा, आणि घरधनी बोलण्यात रंगला की मागे सरकून हळूच सुंभाची दोरी लावायचा. एक गाठ पाठीपासून गुडघ्यापर्यंतची, दुसरी या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंतची. पाठीला काही हुळहुळलं म्हणून लोक माशी समजून हात मारायचे, तो पुंडूच्या कपाळाला लागायचा. पण पाट असा बसायचा, की लग्नाच्या पंगतीला माणसं आपापला पाट काखेत मारून जायची.

धंदा घरचाच. धाकटा भाऊ धाकलू लाकूड कापायचा. बायको रुक्मा खरवतीच्या खरबरीत पानांनी ते घासून गुळगुळीत करायची, आणि लाकूड नसेल तेव्हा नवऱ्याला घासायची. पाट, पाळणे, नांगर, देव्हारे, सगळं या तिघांच्या हातून बाहेर पडे. तक्रार एकच होती. दोघा भावांचं पोट भरेल एवढे नांगर गावात मोडत नव्हते. लोक जपून नांगरत. शेवटी धाकलूनं ठरवलं, की दिवाळीनंतर लोंढ्याला जायचं आणि रेल्वेत मिळेल ते काम धरायचं. तेव्हापासून पुंडूला जेवण गोड लागेना. धाकलूइतकी सरळ करवत साऱ्या सुपा पेट्यातल्या गावांत कुणाची चालत नव्हती, आणि धाकलूइतकं मुकाट्यानं पुंडूचं ऐकून घेणारंही दुसरं कोणी नव्हतं.

तेवढ्यात, म्हणजे १९११ साली, जंगल खात्याचा नवा बंगला उभा राहिला आणि त्यात बाबुराव रेंजर आले. धारवाडकडचे, अंगानं काटकुळे, आवाजानं आडदांड. त्यांनी पुंडूला बोलावणं धाडलं.

"मेस्त्री, बंगल्याला बारा खुर्च्या, दोन मेजं, चार पलंग पाहिजेत. आधी नमुन्याला एक खुर्ची कर, माझ्या मापाची. पसंत पडली तर सगळं काम तुला. नाहीतर बेळगावच्या कारखान्याला पत्र टाकतो."

पुंडू घरी पळतच आला. "धाकल्या, लोंढं राहू दे! वरीसभर पुरंल एवढं काम हाय."

धाकलू म्हणाला, "अण्णा, खुर्ची कधी केलीस काय रं?"

"न्हाई. पण बघितली हाय. साहेबाच्या पडवीत एक मोडकी पडलीया. चार पाय, दोन हात, पाठ. बैलाला आणि शेपूट जास्त असतं, तो बी हाकलाच न्हवं आपण?"

दुसऱ्या दिवशी बरोबर जेवणाच्या वेळेला पुंडू बंगल्यावर हजर झाला. बाबुराव आत जमिनीवर मांडी ठोकून आमटीभात ओरपत होते. पुंडू आढ्याची वाखाणणी करत त्यांच्या मागे गेला, आणि दुसऱ्यांदा भात वाढला जाईपर्यंत त्याच्या दोरीला दोन्ही गाठी पडल्या होत्या. कपाळालाही एक पडली होती.

जंगल खात्याच्या डेपोतून शिसवाचा ओंडका मिळाला. पंधरा दिवस तिघं राबली. खुर्ची जसजशी उभी राहू लागली, तसतसा दारातला कामाचा मांडव लहान वाटू लागला.

रुक्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अवो, ही खुर्ची हाय का बाळंतिणीची बाज?"

"रेंजर हाय तो. केवढं जंगल सांभाळतो!"

"जंगल काय मांडीवर घेऊन बसतोय व्हय?"

धाकलूनं भीत भीत तोंड उघडलं. "अण्णा, ती पडवीतली हिच्या निम्मी बी न्हाई बघ."

"म्हणूनच मोडली न्हवं!" पुंडू म्हणाला, आणि धाकलूनं पुन्हा करवत उचलली.

खुर्ची न्यायला चार माणसं लागली. खांद्यावर घेऊन निघाली, तेव्हा वाटेत फुला आजीनं पालखी समजून हात जोडले आणि अबोलीचा गजरा वाहिला. तो गजरा घेऊनच खुर्ची बंगल्यात शिरली.

बाबुरावांनी तिच्याकडे एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं. मग बसले. पाय जमिनीला टेकवले तर पाठ हातभर लांब राहिली. पाठ टेकवली तर दोन्ही पाय बुटांसकट सरळ समोर आले, पाळण्यातल्या मुलासारखे.

"मेस्त्री! हे माप कुणाचं?"

"तुमचंच साहेब. आमटीभात खाताना घेतलंय."

"अरे, तेव्हा मी मांडी घालून बसलो होतो!"

"मग माणूस आणि कसा बसतो?" पुंडूनं विचारलं. पाय खाली सोडायचे ते चढण्याउतरण्यापुरते, एकदा वर गेल्यावर ते घडी करून ठेवायचे, असं त्याला अगदी प्रामाणिकपणे वाटत होतं.

बाबुराव कडाडले, "उचला हे धूड! मी आजच बेळगावला लिहितो."

धाकलूनं खुर्चीला हात घातला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. पुंडूनं दुसरी बाजू धरली. तेव्हा शेवटचा हात फिरवायला म्हणून बरोबर आलेली रुक्मा पदर खोचून पुढे झाली.

"साहेब, ज्या मापानं केलीया तसं एकदा बसून तर बघा. मग घाला शिव्या. आम्ही कुठं पळून चाललोय?"

बाबुरावांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, बूट काढले, पाय वर घेतले आणि मांडी घातली. डावा गुडघा डाव्या हाताला टेकला, उजवा उजव्या. पाठ पाठीला लागली. वीस वर्षं सरकारसाठी पाय लोंबकळत ठेवून संध्याकाळी घोटे चोळणारा तो माणूस आरामात मागे रेलला. मग त्यांनी चहा मागवला. मग कागद मागवले. मग दुसरा चहा. माणसं उन्हात ताटकळत उभी, आणि साहेब काही खाली उतरेनात.

अखेर ते हळू आवाजात म्हणाले, "ही इथं नको. वरचा साहेब आला तर काय म्हणेल? आत, माझ्या माजघरात ठेवा. बाकी काम तुझंच. पण बंगल्याच्या बारा मात्र पाय खाली सोडून बसायच्या. कळलं?"

"कळलं साहेब," पुंडू म्हणाला. कळलं काहीच नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मांडवात रुक्माला एका ओंडक्यावर चढवून बसवलं गेलं, पाय लोंबकळत. पुंडू दोरी घेऊन तिच्याभोवती फिरत होता. घटकाभरात तिच्या पायांना मुंग्या आल्या.

"अवो, बारा-बारा माणसांवर ही पाळी आणायची? पाप लागंल."

"सरकारी काम हाय गे. लागलं तर सरकारला लागंल. हलू नको!"

"व्हय, तुमचं काय जातंय! धाकलू भाऊजी, तुम्ही तरी सांगा की ह्यांस्नी."

धाकलू नुसता हसला. लोंढं विसरून तो करवतीला धार लावत होता.