दडपे पोह्यांची पंधरा मिनिटं

उन्हाळा लागला की दर बुधवारी दुपारी बारा वाजता मंजुळा वर्तकनगरच्या चाळीसमोर जांभळीखाली बसायची. पुढ्यात मोठं पातेलं, त्यात पातळ पोहे, ठणठणीत कोरडे. वरून पाणी घालायचं नाही, हा नियम तिचाच.

तीस वर्षांपूर्वी मंजुळा पाच घरचा स्वयंपाक करायची. सकाळभर दुसऱ्याच्या गॅसपुढे लोकांच्या पोळ्या फुगवायच्या आणि पत्र्याच्या खोलीत येऊन पुन्हा स्टो पेटवायचा. एका मे महिन्यात तिची शेजारीण कलावती, तीही पोळ्या लाटणारीच, नळावर घेरी येऊन पडली. मंजुळाचं डोकं फिरलं. "बुधवारी दुपारी कुणी स्टो पेटवायचा नाही," तिने चाळीला बजावलं. "आपण माणसं आहोत, शेगड्या नाही."

पोहे मंजुळाचे. बाकी जिला जे जमेल ते. कुणी कांदा आणायची, कुणी काकडी, कैरी, ओला नारळ. सगळं कच्चंच मिसळायचं, मीठ, दाण्याचं कूट, वरून कच्चं तेल. कांद्या-काकडीला सुटेल आणि नारळातून निघेल तेवढंच पाणी. मग झाकण, झाकणावर वरवंटा, आणि पंधरा मिनिटं दडपायचं. खरी मेख या पंधरा मिनिटांत होती. पोहे मऊ होईपर्यंत बाईला बूड टेकावंच लागायचं. महिन्याला दोन सुट्ट्या मागायचं इथेच ठरलं आणि मोर्चे काढून, पोलीस चौकीत बसून त्या मिळवल्याही. कलावती म्हणायची, "मंजे, तुझ्या मोर्च्याला कोण विचारतंय, आम्ही काकडीसाठी येतो."

आता त्या बाया पांगल्या. कलावती गेल्या उन्हाळ्यात वारली. माजिवड्याच्या टॉवरांत राबणाऱ्या नव्या पोरी मंजुळानेच गोळा केल्या आणि घालवल्याही तिनेच. मागल्या बुधवारी त्यांच्यातली म्होरकी प्रियांका डबाभर कांदाभजी तळून घेऊन आली. सगळ्यांदेखत मंजुळा म्हणाली, "सकाळभर तळून हौस फिटली नाही वाटतं? जन्मभर लोकांच्या कढईपाशीच राहणार तू." प्रियांकाने डब्याचं झाकण लावलं आणि निघाली. मागोमाग बाकीच्याही.

या बुधवारी एक वाजून गेला तरी कुणी फिरकलं नाही.

"आई, पाणी शिंपड आणि खाऊन घे," मुलगा आनंद दारातून म्हणाला.

"गप बस. पाण्यात भिजवून आजारी माणसाला देतात."

आणखी थोडा वेळ ती वाट बघत बसली. मग पातेलं फडक्यात बांधलं आणि रिक्षाला हात केला. लोकांच्या गेटवर ती आजवर भांडायलाच गेलेली. आज वाटेत कुठले शब्द बोलायचे तेच तिला सापडेना.

प्रियांका कामाला होती त्या टॉवरच्या गेटबाहेर, भिंतीच्या बोटभर सावलीत, पाच-सहा बाया उभ्याउभ्याच डबे खात होत्या. आत बसायला मनाई. प्रियांकाने तिला पाहिलं आणि पुन्हा डब्यात मान घातली.

"भजी का आणलीस ते मी विचारलंच नाही," मंजुळा म्हणाली.

"कलावतीमावशीला आवडायची. त्या दिवशी तिला वर्ष झालं." प्रियांकाने घास गिळला. "पोळ्या लाटायला तिनेच शिकवलं मला. वाटलं, तुमच्या लक्षात असेल."

मंजुळाने पातेलं खाली ठेवलं. फडक्याची गाठ सुटता सुटेना. तिच्या लक्षात नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. चौकीत तासन् तास बसवून ठेवलं तरी हे शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नव्हते.

प्रियांकाने पातेल्यात डोकावून पाहिलं. "कोरडेच? म्हणजे नियम काही सोडायचा नाही."

"नाही."

"हट्टी आहात हो मावशी." तिने आपल्या डब्यातली काकडी काढली. कुणी कांदा फोडला, कुणी लिंबू पिळलं. कोपऱ्यावरच्या गाडीवरून एक शहाळं आलं. वरवंटा मात्र घरी राहिलेला. प्रियांकाने फूटपाथचा निखळलेला पेव्हर ब्लॉक उचलला, पदराने पुसला आणि झाकणावर ठेवला.

वॉचमन पुढे आला. "इधर बैठने का नहीं."

"पंधरा मिनिटं," मंजुळा म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. "पोहे दडपलेत."

बाया एकमेकींकडे बघत, एकेक करून खाली टेकल्या. ब्लॉक हलवायला वॉचमनही वाकला नाही.

"हां, तर सोसायटीकडे सावलीत बसायला जागा मागायची, त्याचं बोला," प्रियांका म्हणाली. "पण आधी मावशी, पुढच्या बुधवारी भजी चालतील का?"

"एका बुधवारी," मंजुळा म्हणाली. "वर्षातून."