मापाची रॅकेट

मावशीच्या शिवणकामाच्या दुकानात लहान मुलांचे कपडे कधीच अंगाबरोबर बसत नसत. बाही दोन बोटं लांब, कंबर सैल, आत शिवणीत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाची भरपूर माया. "पोरं आहेत, वाढणारच," असं म्हणत तिनं पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांना खूश ठेवलं होतं. पोरांना कुणी विचारलंच नव्हतं.

बारा वर्षांच्या भाचीसाठी पॅडलची रॅकेट घेतानाही मावशीबाईंनी हेच केलं आणि घोळ घालून ठेवला. पॅडल म्हणजे काचेच्या भिंतींच्या कोर्टात जोडीनं खेळायचा खेळ. त्याच्या रॅकेटला तारा नसतात. भोकं पाडलेली जाडजूड फळीच ती. मावशीनं उचलली ती मोठ्या माणसाची, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची, सगळा भार टोकाकडे असलेली. दोन वर्षांत पेलेल म्हणाली. दोन महिन्यांत पोरीचं कोपर दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे खेळ बंद केला. पोरीची आई, म्हणजे मावशीची बहीण, रोज रात्री ते कोपर शेकत बसायची. त्यापेक्षा ती चार शब्द बोलली असती तर मावशीला बरं वाटलं असतं.

आता ते सहा आठवडे संपले होते आणि शनिवारी कनिष्ठ संघाची निवड होती. कोचबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "कोपर पुन्हा दुखलं तर मी हिला घेणार नाही. मग थेट पुढच्या वर्षी. आधी ती रॅकेट बदला." म्हणून बुधवारी भरदुपारी मावशीनं शटर ओढलं आणि भाचीला घेऊन खेळाच्या सामानाचं दुकान गाठलं.

भाची सरळ गेली ती काळ्या रॅकेटकडे. आकार तोच, चौकटचा. वर भिंतीवरच्या पोस्टरात कुणा विजेत्याच्या हातात तीच.

"मस्त आहे ही," विक्रेता म्हणाला. "लहान मुलांची घ्याल तर वर्षात छोटी पडेल. मुलं काय, वाढणारच."

स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मावशी चपापली. पॉवर, फोम, कार्बन यातलं तिला काही कळत नव्हतं. पण माणसाचं अंग कळत होतं. माप घेताना पहिलं मिनिटभर प्रत्येक जण पोट आत ओढून उभा राहतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यावरचा तिचा उपाय म्हणजे गप्पा. माणूस बोलण्यात रमला की पोट आपसूक जागेवर येतं, आणि तेव्हा टेप लावायची.

"ती काळी घेऊन आरशासमोर उभी राहा," ती भाचीला म्हणाली. "डोक्यावरून फटका मारल्यासारखं कर. करत राहा. आणि तुझं त्या जोडीदारणीशी भांडण कशावरून झालं ते सांग."

पहिले पाच फटके झकास झाले. भांडण रंगात आलं तसा उजवा खांदा कानाकडे चढायला लागला, आणि दहाव्या फटक्याला डावा हात मदतीला धावला. मावशीनं रॅकेट काढून घेतली. मग थेंबाच्या आकाराची एक दिली. ती विसाव्या फटक्याला जड झाली. विक्रेता एव्हाना घड्याळ बघत होता. त्याला बघू दे, म्हणत मावशीनं तिसरी दिली. गोल, हलकी, भार मुठीजवळ. भांडण संपलं, समेट झाला, मग त्या मुलीच्या मांजरीची कुळकथा झाली, तरी खांदा जागचा हलला नाही.

"ही घ्यायची," मावशी म्हणाली.

भाचीचं तोंड पडलं. "मावशी, ही बारक्या पोरांची आहे."

"तू बारकीच आहेस. मागच्या वेळी मी चुकले गं, तुझ्या कोपराला भोगावं लागलं. मोठी झालीस की मोठी घेऊ. आज तुझा हात आहे तेवढीच."

शनिवारी लागोपाठ तीन सामने झाले. तिसऱ्यात समोरच्या दोघी थोराड होत्या आणि चेंडू उंच टोलवून टोलवून हिला दमवत होत्या. सगळे चेंडूकडे बघत होते, मावशी एकटी खांद्याकडे. शेवटच्या गुणाला चेंडू मागच्या काचेवर आपटून आला, भाचीनं तो शांतपणे परतवला. पुन्हा आला, पुन्हा परतवला. मग समोरून एक टोला तोकडा पडला. भाची दोन पावलं पुढे आली, हात वर गेला, खांदा सरळच राहिला, आणि चेंडू दोघींच्या मधून निघून गेला.

यादीत तिचं नाव दुसरं वाचलं गेलं. कोचबाई जवळ येऊन म्हणाल्या, "कोपर कसं आहे?"

"कुठलं कोपर?" भाचीनं विचारलं. तिला खरंच आठवेना; ती दोन्ही हात वाकवून बघायला लागली.

काचेपलीकडे उभ्या मावशीला हे ऐकू आलं. इतका आनंद तिला आयुष्यात झाला नव्हता. चारचौघांत ती मोठमोठ्यानं रडली, आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.